हात नगा लावू

माझ्या थोरल्या मावशीला पाहायला मंडळी आली तो १९६६ मधला मार्गशीर्ष होता, असे आमच्या घरात सांगितले जाते. मिरजेच्या जुन्या घरातली बैठक, सतरंजीवर बसलेली मुलाकडची पाच माणसे, पोह्यांच्या बशा आणि दाराआड उभ्या असलेल्या घरातल्या बायका. त्या काळी मुलगी पाहताना तिला चालून दाखवायला सांगत, शिवणटिपण येते का ते विचारीत, आणि मंडळी जरा हौशी असली तर एखादे गाणे म्हणायला लावीत. मुलाच्या काकांनी तसे लावले. आजीने आठवडाभर तिच्याकडून एक अभंग घोटवून घेतला होता. मावशीने मान खाली घालून सुरुवात केली ती मात्र ‘रेशमाच्या रेघांनी’ या गाण्याला, आणि ध्रुवपद येईल तेव्हा तेव्हा, परक्या पाच माणसांसमोर, ‘हात नगा लावू माझ्या साडीला’ असे ती स्वच्छ आवाजात म्हणत राहिली. दाराआड आजीने कपाळावर हात मारून घेतला. काका मात्र खूष झाले. ‘मुलगी धीट आहे हो,’ असे म्हणाले, आणि चौथ्या दिवशी पोस्टकार्डाने होकार आला.

पुढची पन्नास वर्षे हा किस्सा प्रत्येक लग्नामुंजीत सांगितला गेला आणि दर वेळी काकांचे ते वाक्य कोणीतरी त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवी. मीही हसलो आहे; किस्सा आहेच तसा. एवढ्या वेळा सांगितल्या गेलेल्या या गोष्टीत मावशीला तो मुलगा पसंत होता की नव्हता हा तपशील मात्र कधीच आला नाही, आणि तो येत नाही हे माझ्याही ध्यानात यायला पन्नाशी उलटावी लागली. गाण्यातली बाई ‘हात लावू नका’ असे सांगते आहे, ते गाणे एक उपवर मुलगी पाहुण्यांसमोर म्हणते, आणि बैठकीतल्या एकालाही त्यात नकार ऐकू येत नाही, सगळ्यांना त्यातला लाडिकपणा तेवढा ऐकू येतो. जुनी प्रेमगीते मी पुन्हा कान देऊन ऐकू लागलो ते या एका प्रसंगाच्या निमित्ताने.

गाणे भालजी पेंढारकरांच्या ‘मराठा तितुका मेळवावा’ या १९६४ च्या चित्रपटातले. शब्द शांता शेळके यांचे, आवाज आशा भोसले यांचा आणि चाल ‘आनंदघन’ यांची, म्हणजे पुरुषी वाटणाऱ्या टोपणनावाआड बसलेल्या लता मंगेशकरांची. लिहिणारी, चाल बांधणारी आणि गाणारी अशा तिघीही बायका असलेले इतके गाजलेले मराठी गाणे सहजासहजी सापडत नाही, त्यामुळे त्यातला नकार कसा विणला आहे ते सावकाश पाहण्यासारखे आहे. गाण्याचा बराच भाग साडीचा आहे. लाल-काळे धागे, फुलवेलीची नक्षी, राघू, मोर. कर्नाटकी कशिदा ज्यांनी कोणाला काढताना पाहिला आहे त्यांना ठाऊक असते, की त्यात कापडाचे उभे-आडवे धागे मोजत टाका घालायचा असतो, गाठ कुठे मारायची नसते, आणि उलट्या बाजूनेही काम सुलट्यासारखेच दिसावे लागते. एक पदर भरायचा तर महिने जातात आणि डोळेही जातात. गाण्यातली बाई ‘माझी साडी’ म्हणते तेव्हा त्यात मालकी आहे तशी ही मेहनतही आहे. आपल्या अंगाविषयी ‘हे माझे आहे’ असे चारचौघांत म्हणण्याची सोय नसलेली बाई आपण भरलेल्या साडीविषयी तसे म्हणू शकते, म्हणून साडीला हात लावू नका असे ती म्हणते. मला लावू नका, असे ती म्हणत नाही.

पुढे वाटेत पदर ओढला जातो आणि तिची तक्रार येते. ती ऐकण्याजोगी आहे. आल्यागेल्याची भीड ठेवा, दहा डोळ्यांची मुरवत राखा, असे ती त्याला बजावते. म्हणजे पदर ओढण्यात चूक काय, तर लोक पाहत आहेत. वाट निर्मनुष्य असती तर? गाणे त्याबद्दल बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणूनच ते गोड वाटते. ऐकणाऱ्याच्या मनात ती निर्मनुष्य वाट आपोआप तयार होते. त्याच्या वागण्याला ती जो शब्द वापरते तोही पाहा: खोडी. यशोदेकडे गाऱ्हाणी जात त्या लोणी चोरण्याला, शिंकी फोडण्याला आपण खोड्या म्हणतो. मिशा फुटलेल्या माणसाने रस्त्यात पदर ओढणे याच शब्दात बसले की त्याची शिक्षाही त्याच मापाची होते, म्हणजे लटका राग.

मराठीसारख्या भाषेत हे घडावे याचे मला नवल वाटते, कारण नकार देण्यासाठी आपल्याकडे फार नेमका शब्द आहे. ‘नाही’ वेगळे, ‘नये’ वेगळे आणि ‘नको’ वेगळे. हिंदीत ‘नहीं चाहिए’ असे दोन शब्दांत सांगावे लागते ते आपण ‘नको’ या दोन अक्षरांत सांगतो. हैदराबादच्या दखनीने तो शब्द आपल्याकडून उचलला तो उगीच नव्हे. परंतु या ‘नको’चे दोन उपयोग आहेत. ‘मला नको’ हा एक. त्यात बोलणाराची इच्छा आहे, आणि तेवढीच आहे. ‘तू करू नकोस’, ‘तुम्ही करू नका’ हा दुसरा; त्यात समोरच्याला मनाई आहे, आणि मनाई म्हटली की तिचे कारण पुढे सांगावे लागते, लोक बघतात, उशीर झाला, घागर फुटेल, सासू रागावेल. जुन्या मराठी शृंगारगीतांत दुसऱ्या प्रकारचे नको पावलोपावली भेटते. पहिल्या प्रकारचे मी वही घेऊन शोधले, आणि वहीचे पान जवळजवळ कोरे राहिले. त्यातही ‘नगा’ हे आदरार्थी रूप. हात लावणाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणून, अहोजाहो करून, विनवून सांगायचे, की एवढे करू नका.

या मनाईची परंपरा मोठी आहे आणि ती गवळणीपासून येते. एकनाथांच्या नावावरच्या गवळणीत राधा कृष्णाला मुरली वाजवू नको म्हणते, कारण मुरलीने तिची तहानभूक हरपली आहे आणि घरचे काम तसेच पडले आहे. वारकरी कीर्तनात याचा अर्थ जीव आणि शिव यांच्या ओढीचा सांगतात. तो अर्थ वरवरचा नाही. संसाराच्या व्यापात असलेल्या जिवाला हाक ऐकू यावी आणि त्याने ‘आत्ता नको’ म्हणावे, हे मला आजही भिडते. पण गवळण देवळातून तमाशाच्या बोर्डावर आली तेव्हा जीव-शिव मागे राहिले आणि वाट अडवणे पुढे आले. गण झाला की गवळण लागते, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या आडवे होतात, दही-दुधावर दान मागतात, आणि दान म्हणजे नेमके काय याचे विनोद सुरू होतात. या सगळ्यात ‘वाट सोड, नाहीतर चप्पल काढीन’ या थाटात रोखठोक बोलणारे पात्र एकच, ते म्हणजे मावशी. आणि मावशीची भूमिका पुरुष करतो! बाईच्या बाजूने स्वच्छ नकार द्यायचा तर तो लुगडे नेसलेल्या पुरुषाच्या तोंडी घालावा लागला, हे मी जितक्या वेळा पाहतो तितक्या वेळा मला थक्क करते.

किशोरी आमोणकरांनी गायलेले ‘हे श्यामसुंदर राजसा’ हे त्याच घराण्यातले, फक्त फार तलम. त्यातली गवळण मनमोहनाला विनवून सांगते, की मला परत घरी जाऊ दे. मी हे गाणे चाळीस वर्षे ऐकत आलो आणि त्यातली उलटापालट मला दिसली नव्हती. जवळ येताना त्याने तिची परवानगी विचारली नाही, पण निघून जाताना तिला मात्र त्याची परवानगी मागावी लागते आहे. सुरांवर माझे प्रेम तेवढेच आहे, ते कमी व्हावे अशी माझी इच्छाही नाही.

नकार असा आडून का द्यावा लागे, याचे उत्तर होकाराच्या गाण्यांत मिळते. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ मधली गदिमांची बुगडी घ्या. बाईला शेजारचा तरुण आवडला आहे. वडील घरी नसताना तो येतो, आणि ती त्याला बसायला पाट देते. मला त्या पाटाचे फार कौतुक आहे. एका पाटात गदिमांनी तिचा अख्खा होकार मांडून ठेवला आहे. पण या होकाराचे गाणे सुरू होते ते बुगडी सांडल्याच्या सबबीने आणि पुन्हा पुन्हा येऊन थांबते ते ‘चुगली सांगू नका’ या विनंतीवर. होकाराला शिक्षा असेल तर होकारही नकाराच्या कागदात गुंडाळूनच द्यावा लागतो. मग खरा नकार द्यायला वेगळा कागद उरत नाही. दोन्ही पुड्या बाहेरून सारख्याच दिसतात, आणि उघडून पाहण्याचा हक्क पुरुषाकडे. ‘बायकांची नाही म्हणजे हो’ हे आपल्याकडे जे सर्रास बोलले जाई, ते बायकांच्या स्वभावाचे वर्णन म्हणून बोलले जाई. मला ते या व्यवस्थेचे वर्णन वाटते.

संगीत नाटकाने याचा एक मोठा नमुना ठेवला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ चे. सुभद्रेचे अर्जुनावर प्रेम आहे, बलरामाने तिला दुर्योधनाला द्यायचे ठरवले आहे, आणि आता शरण कोणाला जाऊ असे ती पदातून विचारते. तिला दुर्योधन नको आहे हे प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला माहीत असते. तरी तिच्या मनासारखे होते ते कपटी यतीचा वेश घेतलेला अर्जुन तिचे हरण करतो तेव्हा. तिची संमती अमलात येण्यासाठी तिला पळवून न्यावे लागते, आणि सूत्रे असतात भाऊ असलेल्या कृष्णाच्या हाती. नाटक इतके प्रसन्न आहे की हे आपल्याला खुपत नाही. पुढे १८९९ मध्ये देवलांची ‘शारदा’ आली. तिथे तर विषयच जरठ-कुमारी विवाहाचा, प्रेक्षक पूर्णपणे मुलीच्या बाजूचे, आणि तरीही भुजंगनाथाशी ठरलेले लग्न मोडते ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. शारदेला नको आहे, एवढे कारण लग्न मोडायला पुरेसे ठरत नाही.

या दोन नाटकांच्या मधल्या वर्षांत मुंबईत एका बाईने ते कारण कोर्टात सांगितले होते. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजीकडे नांदायला जायचे नाकारले, १८८४ मध्ये त्याने दावा लावला, १८८५ मध्ये तो फेटाळला गेला, आणि अपिलानंतर १८८७ मध्ये, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तुरुंगात जाईन, असे त्या म्हणाल्या. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. त्यांच्या नकाराने महाराष्ट्रातली वर्तमानपत्रे ढवळून निघाली, टिळकांनी त्यांच्याविरुद्ध लिहिले, आणि पाठोपाठ १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला, ज्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली. ‘संमती’ हा शब्द मराठी घराघरांत पोचला तो या वादातून, म्हणजे प्रेमाच्या बाजूने न येता कायद्याच्या आणि भांडणाच्या बाजूने. कदाचित म्हणूनच तो आजही गाण्यात बसत नाही. रखमाबाईंवर त्या काळी कोणी पद रचले असते तर त्यात ‘मला नको’ आले असते, आणि माझ्या वहीत एक नोंद वाढली असती.

आता भावगीतांकडे येतो, आणि इथे मला स्वतःबद्दल थोडे सांगितले पाहिजे. माझी पिढी ‘शुक्रतारा’वर वाढली. पाडगावकरांचे शब्द, खळे यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. गवळणीच्या मानाने हे फार सभ्य गाणे आहे. त्यातला तो वाट अडवत नाही, तू अशी जवळी रहा एवढेच मागतो. आणि तिचे उत्तर असे, की माझ्या भावना मी शब्दांत कशी सांगू, लाजणाऱ्या या फुलाला तूच समजून घे. १९६९ च्या ‘अपराध’ मधल्या ‘सांग कधी कळणार तुला’ या गाण्यातही फूल लाजतेच आहे आणि रंग ज्याचा त्याने ओळखायचा आहे. मराठी प्रेमगीताने बाईला फूल केले, त्यात मला वावगे वाटत नाही; अडचण एवढीच की फूल बोलत नाही. त्याचा सुगंध हा होकार धरायचा. होकार नसेल तेव्हा फुलाने काय करायचे, हे मात्र कोणत्याच कवीने सांगितलेले मला आठवत नाही.

कॉलेजात असताना मी एका मुलीच्या वहीत याच दुसऱ्या गाण्याची पहिली ओळ चिठ्ठीवर लिहून ठेवली. तिने वही परत घेतली, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे बघेनाशी झाली. मी याला लाजणे समजलो. दुसरे काही समजण्याचे शिक्षण मला कोणी दिले नव्हते, आणि आकाशवाणीवर रोज सकाळी जे शिक्षण मिळत होते ते याच समजुतीला धरून होते. श्रावणापासून दिवाळीपर्यंत मी रोज संध्याकाळी एस. टी. स्टँडवर तिच्या गाडीच्या फलाटाशेजारी उभा राहत होतो. कधी एक शब्द बोललो नाही, याचा मला त्या वेळी अभिमान वाटे. दिवाळीच्या सुट्टीआधी तिची मैत्रीण येऊन म्हणाली, ‘तुम्ही इथे उभे असता म्हणून ती पाच-वीसची सोडते आणि सहाची पकडते. उशीर होतो म्हणून घरी बोलणी खाते.’ मी त्या दिवसापासून जायचे बंद केले. लाज वाटली, आणि आजही वाटते. पण हे लिहिताना ध्यानात येते, की ‘तिला तुम्ही नको आहात’ असे ती मैत्रीणही म्हणाली नव्हती. तिनेही कारण पुढे केले ते गाडीचे, वेळेचे आणि घरच्या बोलण्यांचे. ती कारणे नसती तर मी गेलो असतो का?

मराठी गाण्यात बाईची इच्छा थेट तिच्या तोंडून आली ती माझ्या मते सुरेश भटांच्या गीतांत, आणि गंमत अशी, की ती आल्यावर ‘नको’ही बदलले. ‘मालवून टाक दीप’ मध्ये बोलणारी ती आहे, निवांतपणा तिला हवा आहे, आणि एवढ्यात स्वप्नभंग करू नकोस असे ती म्हणते तेव्हा त्या नकोसला लोकांची, सासूची, साडीची सबब लागत नाही. ‘तरुण आहे रात्र अजुनी’ तर याच्याही पुढचे आहे. तिथे ती जागी आहे आणि राजसा कूस वळवून झोपला आहे. नकार या वेळी त्याचा आहे, न बोलता दिलेला. ती काय करते? निजलास का रे, असे विचारते. त्याला हलवत नाही, त्याच्या झोपण्याला खोडी म्हणत नाही, त्याचे गप्प राहणे म्हणजे होकार, असा सोयीस्कर अर्थही लावत नाही. आशाबाईंनी तो ‘का रे’ असा घेतला आहे, की उत्तर आले नाही तरी प्रश्नाचा मान राहतो. पुरुषाने बाईच्या नकारापुढे इतके सभ्य राहून रचलेले गाणे मला आठवत नाही. या गीताविषयी व्हॉट्सॲपवर एक कथा फिरते, की ते वीरमरण आलेल्या जवानाच्या पत्नीचे, त्याच्या पार्थिवाशेजारचे गाणे आहे. ती मला आजवर तिघांनी, कसलाही आधार न देता, भक्तिभावाने पाठवली आहे. जिवंत नवऱ्याशेजारी जागी असलेली, हवेसे वाटणारी बाई आपल्याला अजून इतकी अवघड जाते, की तिला विधवा केल्याशिवाय तिचे गाणे पचत नाही, असेच मी यातून समजतो.

गेल्या उन्हाळ्यात मावशीकडे गेलो होतो. तिचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली; दोघांचा संसार चांगला झाला, हेही इथे सांगितले पाहिजे. दुपारी ती लसूण सोलत बसली होती आणि मी, एवढ्या वर्षांत कोणी न विचारलेला प्रश्न तिला विचारला: तेच गाणे तू का म्हणालीस? ती हसली. म्हणाली, ‘अभंग ऐन वेळी विसरले. तेच एक सबंध पाठ होते.’ मी म्हटले, ‘आणि नवरा पसंत होता?’ तिने दोन पाकळ्या सोलून ताटलीत टाकल्या. मग म्हणाली, ‘अरे, त्या दिवशी नेसलेली इरकली आईची होती. पोह्याच्या तेलकट हातांचे डाग पडले असते, तर आईने मला सोडले असते का?’